हेर क्रूगरांचा इंग्रज

श्रीपाद कोपर्डेकर इंग्रज झाला तो जेवणाच्या सुट्टीत.

कॉव्हेंट्रीत तळलेल्या माशांच्या एका दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की, एका वकिलाची कचेरी होती. नव्व्याण्णव साली तिथे उभं राहून श्रीपादने शपथ घेतली की, मी राणीसाहेबांशी, त्यांच्या वारसांशी आणि त्यांच्यामागून जे कोणी गादीवर बसतील त्या सगळ्यांशी एकनिष्ठ राहीन. वकील अर्धं सँडविच हातात धरून ऐकत होता. त्याने बोटं पुसली, कागदावर सही-शिक्का केला आणि 'लव्हली' म्हणाला. इंग्लंडात बसचं तिकीट दाखवलं तरी लव्हलीच म्हणतात, त्यामुळे त्यावरून प्रसंगाचं महत्त्व ठरवायची सोय नाही. श्रीपाद खाली उतरला, दुकानातून चिप्सचा पुडा घेतला, तो चालता चालता संपवला आणि गिअरबॉक्सच्या आवाजावरच्या मीटिंगला वेळेवर जाऊन बसला.

त्याला राणीबद्दल प्रेम होतं असं नाही. रागही नव्हता. राग होता तो रांगेचा. तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता आणि त्या कंपनीची निम्मी गिऱ्हाइकं जर्मनीत होती. जर्मनीत चाचणी असली की त्याचा सहकारी टेरी पासपोर्ट खिशात टाकून आदल्या दिवशी निघायचा. श्रीपाद मात्र महिनाभर आधी पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे कागद आणि साहेबाचं पत्र घेऊन जर्मन वकिलातीच्या दारात, पावसात, उभा. एकदा त्याने स्वतः आखलेल्या यंत्राची चाचणी टेरीने पार पाडली आणि शाबासकीही टेरीनेच घेतली. त्या दिवशी श्रीपादने ठरवून टाकलं.

"अगं, यात भावनेचा काही प्रश्न नाही," त्याने सुरेखाला समजावलं. "ट्रॅव्हल डॉक्युमेंट आहे ते. बसचा पास असतो तसा."

"मग तुम्ही काढा पास," सुरेखा म्हणाली. "मी नाही काढणार. मला तासगावात अण्णांना तोंड दाखवायचंय."

अण्णा म्हणजे श्रीपादचे वडील, वासुदेव कोपर्डेकर. बेचाळीसच्या चळवळीत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी हातात पक्कड घेऊन रेल्वेच्या तारा तोडल्या, दीड वर्ष तुरुंगात काढलं, बाहेर येऊन बी.ए. केलं आणि पुढे तासगावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. इंग्रजांना त्यांनी देशाबाहेर घालवलं, पण इंग्रजी व्याकरणाच्या केसाला धक्का लागू दिला नाही. कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी लिहिणाऱ्या पोरांच्या पाठी अजूनही त्यांना ओळखतात. चारच्या ठोक्याला कपबशीतून चहा, बशीच्या कडेला दोन बिस्किटं, आणि सकाळी रेडिओवर लंडनच्या इंग्रजी बातम्या. कुणी छेडलंच तर म्हणत, "बातमी त्यांची खरी असते. माणसं लबाड." श्रीपाद इंग्लंडला निघाला तेव्हा विमानतळावर ते एवढंच म्हणाले होते, "काम कर, पैसा मिळव, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे ते शीक. मान वाकवू नकोस म्हणजे झालं."

आणि श्रीपादने ती माशांच्या दुकानावर वाकवून ठेवली होती. हे अण्णांना कळता कामा नये, असं त्याने मनाशी पक्कं केलं. म्हाताऱ्या माणसाला कशाला उगाच त्रास, हे त्याचं कारण. आईवडिलांना त्रास नको म्हणून आपण जे जे लपवतो, त्यात आपला स्वतःचा त्रास किती वाचतो, हे मोजायची पद्धत आपल्याकडे नाही. खरं तर श्रीपादला भीती वाटत होती. आयुष्यात अण्णांनी त्याला 'शाबास' फार कमी वेळा म्हटलं होतं, आणि जे थोडंफार जमा होतं ते सगळं एका दिवसात जाईल, ही ती भीती.

गंमत अशी की, जर्मनीची रांग सुटली तशी भारताची सुरू झाली. आता तासगावला जायचं तर त्याला व्हिसा लागायचा. लंडनच्या भारतीय कचेरीतला कारकून पुण्याचाच निघाला. त्याने अर्जावरचं नाव मोठ्याने वाचलं, श्रीपादकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "भारतात येण्याचा हेतू?" श्रीपाद म्हणाला, "आईचं वर्षश्राद्ध." कारकुनाने 'पर्यटन' या शब्दाशेजारी खूण केली.

दोन वर्षांनी कॉव्हेंट्रीतले कारखाने एकामागून एक आकसायला लागले आणि श्रीपाद वोल्फ्सबुर्गला आला. या शहरात माणसं कमी आणि गाड्या जास्त आहेत, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही ते बहुतेक गाड्या बनवायलाच निघालेले असतात. पत्त्याची नोंद, ज्याला तिथे आनमेल्डुंग म्हणतात, ती करायला तो सरकारी कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्टकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे पाहिलं.

"एंगलेंडर?" इंग्रज?

"या," श्रीपाद म्हणाला, म्हणजे हो.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून बाईंनी शिक्का मारला. जर्मन माणूस डोळ्यांपेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवतो, आणि श्रीपादला ही गोष्ट एकदम आवडली. त्या दिवसांत जर्मनीत संगणकवाल्या भारतीयांसाठी ग्रीन कार्ड निघालं होतं आणि त्यावरून पेपरांत बरीच वादावादी चालली होती. ऑफिसात नवा कोणी 'तुम्ही ग्रीन कार्डवर आलात का?' असं विचारी, तेव्हा श्रीपाद किंचित हसून म्हणे, "नाही, नाही. मी युरोपियन युनियनचा नागरिक." हे वाक्य त्याने आरशासमोर म्हणून पाहिलं असावं, इतकं ते सफाईदार येई. रविवारी मराठी मित्रमंडळात पोहे खाताना तोच श्रीपाद "शेवटी आपण ते आपणच" असं म्हणत असे, तेही तितक्याच सफाईने.

त्यांच्या वरच्या मजल्यावर हेर क्रूगर, म्हणजे श्रीयुत क्रूगर, राहत. वय शहात्तर, बायको गेलेली, कारखान्यातून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालेली. खाली एक इंग्रज राहायला आलाय असं त्यांना जिन्यात कुणीतरी सांगितलं आणि पहिल्याच रविवारी ते संत्र्याच्या मुरंब्याची बाटली घेऊन दारात हजर झाले. दार उघडणारा श्रीपाद पाहून त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं, ते त्यांनी फार लवकर आवरलं. मग इंग्रजीत म्हणाले, "मी तीन वर्षं तुमच्या देशात होतो."

श्रीपादला वाटलं, पुण्याला की मुंबईला.

ते बोलत होते इंग्लंडातल्या यॉर्कशरबद्दल. चव्वेचाळीस साली, एकोणिसाव्या वर्षी, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ते इंग्रजांच्या हाती सापडले आणि युद्धकैदी म्हणून इंग्लंडला गेले. आधी छावणी, मग एका शेतकऱ्याकडे बटाटे काढायचं काम. त्या शेतकऱ्याने आणि त्याच्या बायकोने त्यांना असं काही वागवलं की हेर क्रूगर इंग्लंडवर कायमचे लुब्ध झाले. चहात दूध घालणारा वोल्फ्सबुर्गमधला तो बहुधा एकमेव म्हातारा. श्रीपादला ते 'उन्झर एंगलेंडर' म्हणत, म्हणजे आमचा इंग्रज, आणि लोकांना त्याची ओळख करून देताना त्यांचा आवाज बदलत असे. श्रीपादला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटे.

अशी दीड-दोन वर्षं सुखात गेली. मग इराकचं प्रकरण तापलं.

जर्मन सरकार म्हणालं, आम्ही या युद्धात नाही. ब्रिटिश सरकार अमेरिकेच्या मागोमाग निघालं. आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये, बटाट्याच्या सॅलडच्या ताटांवरून, सगळ्या माना श्रीपादकडे वळल्या. "आल्झो, सांगा बघू, तुमचं हे काय चाललंय?" तुमचं! श्रीपाद आधी गोंधळला, मग चिडला, आणि मग चक्क बाजू मांडायला लागला. लंडनमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला तो पाहिलात का, एका मंत्र्याने राजीनामा फेकला तो वाचलात का, आमची लोकशाही जुनी आहे, आमच्याकडे पार्लमेंटमध्ये उघड वाद होतो. आमची, आमच्याकडे! इंग्रजांच्या वतीने बोलताना त्याला आपण कुणाचे चिरंजीव आहोत याची आठवण अधूनमधून होई. पण ताटावर हार मानणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

याच सुमाराला, मार्चच्या सुरुवातीला, अण्णा आले.

ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदाच परदेश. येण्याआधी श्रीपादने घराची कडक तपासणी केली. त्याचा पासपोर्ट त्याच्या ऑफिसातल्या कपाटात गेला. कॉव्हेंट्रीतल्या एका जत्रेत मिळालेला, ब्रिटिश झेंडा छापलेला कप सुरेखाने कुंडीच्या बुडाशी घातला. मल्हार, त्यांचा मुलगा, कार्ल्सरूहेला शिकत होता, त्याला फोनवर बजावून झालं. तो जर्मनमध्ये "वारूम?" म्हणाला, म्हणजे का, आणि श्रीपाद म्हणाला की मोठा झालास की कळेल. मल्हार एकोणीस वर्षांचा होता.

"एक दिवस कळणारच आहे अहो," सुरेखा म्हणाली. "तुम्हीच सांगून टाका. शांतपणे. चहाच्या वेळी."

"सांगतो. योग्य वेळ बघून सांगतो."

"योग्य वेळ काय पंचांगात बघणार?"

श्रीपाद उठून जिन्याकडचं दार नीट लावून आला. त्याची सगळी धास्ती हेर क्रूगरांची होती. दोन म्हाताऱ्यांची गाठ पडू द्यायची नाही, असा त्याचा बेत. तो बेत आठवडाभरही टिकला नाही. अण्णा पाय मोकळे करायला जिना उतरत होते, क्रूगर चढत होते, दोघांनी एकाच वेळी 'गुड मॉर्निंग' म्हटलं, आणि दोघांचेही उच्चार इतके जुने आणि स्वच्छ होते की दोघंही थबकले. चार वाजता क्रूगर चहाला आले. श्रीपाद त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाला. पुढे रोजच लवकर निघू लागला. पहाऱ्यावर बसल्यासारखा तो दोघांच्या मध्ये बसून राही आणि बोलणं पासपोर्टच्या दिशेने सरकलं की बिस्किटं पुढे करी.

पण म्हाताऱ्यांना श्रीपादमध्ये काडीचा रस नव्हता. त्यांना एकमेकांचे तुरुंग सापडले होते.

"तुम्हाला खायला काय देत?" अण्णांनी विचारलं. बोलणं अर्थात इंग्रजीत.

"पाव, बटाटे, मांस. रविवारी केक," क्रूगर म्हणाले. "शेतावर गेल्यावर तर काही विचारू नका. नाताळात त्या बाईंनी मला घरात बसवून पुडिंग वाढलं. स्वतःच्या मुलाच्या खुर्चीवर. तिचा मुलगा लढाईत मारला गेला होता."

अण्णांनी कप खाली ठेवला. "आम्हाला कण्यांची भाकरी. आणि आमटीत डाळ कमी, अळ्या जास्त. थांबा, मला नीट समजून घेऊ दे. तुम्ही त्यांच्यावर बंदूक घेऊन गेला होतात?"

"मशीनगन," क्रूगर खाली बघत म्हणाले.

"चालवलीत?"

"हो."

"आणि तुम्हाला पुडिंग."

"हो."

"मी पक्कड घेऊन गेलो होतो," अण्णा म्हणाले. "पक्कड!"

क्रूगरांनी आपला कप बाजूला सारला. मग, जणू इंग्लंडच्या वतीने, "आय ॲम सॉरी" म्हणाले. अण्णांनी ती माफी स्वीकारली. एका जर्मनाने इंग्रजांच्या वतीने मागितलेली माफी तासगावच्या माणसाने स्वीकारावी, हे लंडनला कुणाला कळलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर दोघांची दोस्ती अशी जमली की सुरेखाला दुधाची जास्तीची पिशवी आणावी लागे.

एकदा बोलणं थेट श्रीपादवरच आलं. क्रूगर मुरंबा चाटत म्हणाले, "तुमचा मुलगा मात्र पक्का इंग्रज आहे, हां!" श्रीपादने घाईने बिस्किटांची बशी उचलली. अण्णा खो खो हसले. "तो लहानपणापासून साहेबच आहे. आंबासुद्धा चमच्याने खायचा." क्रूगरही हसले. सुरेखा स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने तिघांकडे पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली. रविवारीही सांगून टाकायची अशीच एक संधी आली होती, त्याच्या आधीही एक. श्रीपाद बिस्किटं पुढे करत राहिला.

मग एका सकाळी रेडिओने सांगितलं की बगदादवर बॉम्ब पडायला लागले. अण्णा दिवसभर रेडिओपाशी बसून राहिले. चारचा चहा त्यांनी घेतला, बिस्किटांना हात लावला नाही. क्रूगरांची अवस्था त्याहून वाईट. प्रेमात पडलेल्या माणसाला ज्या व्यक्तीने पुडिंग वाढलं तिनेच शेजारचं घर पेटवावं, तशी त्यांची गत झाली होती. "माझे इंग्रज असं करणार नाहीत," असं ते म्हणत राहिले आणि रेडिओ, ते करताहेत, असं सांगत राहिला.

क्रूगर चर्चच्या शांतता समितीत होते. समिती दर शनिवारी दुपारी बाजारपेठेत, जिथे गाड्यांना बंदी असते तिथे, युद्धाविरुद्ध फलक घेऊन उभी राहत असे. थोडा वेळ शांत उभं राहायचं, मग कुणीतरी चार शब्द बोलायचं. या शनिवारी बोलायला त्यांना कोण हवं होतं ते ऐका. एक, गांधींच्या देशातला स्वातंत्र्यसैनिक. दोन, स्वतःच्या सरकारला विरोध करणारा इंग्रज. क्रूगरांच्या मते एकाच घरात दोन्ही सोय झाली होती.

श्रीपादला त्यांनी जिन्यात गाठलं. श्रीपादने, आपल्याला बोलता येत नाही, असं सांगून हात झटकले. पण अण्णा एका पायावर तयार झाले. "बोलतो. मात्र मराठीत बोलेन. त्यांची भाषा आज मी तोंडात घेणार नाही." पस्तीस वर्षं ज्या भाषेपायी त्यांनी पोरं बडवली, तिच्यावर ऐंशीव्या वर्षी एक दिवसाचा बहिष्कार! क्रूगरांना हे फारच पटलं. आता अण्णांचं मराठी जर्मनमध्ये कोण सांगणार? वोल्फ्सबुर्गमध्ये दोन्ही भाषा येणारे आणखी चार-पाच जण होते, पण बापाच्या भाषणाला मुलाने नाही कसं म्हणायचं?

शनिवारी ऊन छान होतं. शंभर-सव्वाशे माणसं जमली होती, बरीचशी पिकल्या केसांची, काही मुलांना खांद्यावर घेतलेले बाप. अण्णांनी खादीचा सदरा, त्यावर श्रीपादचा लोकरी कोट आणि डोक्याला पांढरी टोपी घातली होती. बायका त्यांच्याकडे बघून हळव्या होत होत्या. क्रूगरांनी माइक हाती घेतला आणि जर्मनमध्ये ओळख करून दिली. आपल्याबरोबर आज अहिंसेच्या लढ्यातले एक सैनिक आहेत. आणि त्यांचे शब्द आपल्याला सांगणार आहेत त्यांचे चिरंजीव, आपले शेजारी, जे ब्रिटिश नागरिक आहेत. स्वतःच्या सरकारविरुद्ध इथे उभं राहायला धैर्य लागतं. मला या इंग्रजाचा अभिमान वाटतो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक बाई पुढे येऊन श्रीपादचा हात दोन्ही हातांत धरून हलवून गेली.

"तुला एवढ्या टाळ्या कशाला?" अण्णांनी विचारलं.

"भाषांतर करणार म्हणून," श्रीपाद म्हणाला. "इथे त्याची फार कदर आहे."

अण्णा बोलायला लागले. शाळेतल्यासारखं, ठणठणीत. "एकोणीस वर्षांचा होतो. आम्ही तारा तोडल्या. रूळ उखडले. एका फौजदाराची चौकी जाळली, आणि ती छान जळाली." श्रीपादने समोरचे हळवे चेहरे पाहिले आणि जर्मनमध्ये सांगितलं की, माझे वडील तरुण होते आणि त्यांनी सरकारशी असहकार केला. लोकांनी माना डोलावल्या. "माफी मागितली असती तर सुटलो असतो. आम्ही थुंकलो त्या माफीनाम्यावर." श्रीपादने सांगितलं की, त्यांनी तडजोड नाकारली. प्रत्येक वाक्य त्याच्या हातून धुऊन, वाळवून, घडी करून पलीकडे जात होतं. त्याला वाटलं, निभतंय. अजून पाच मिनिटं, मग टाळ्या, मग घरी चहा.

मग अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि मला एका गोष्टीचं समाधान आहे," ते म्हणाले. "आमच्या घरातल्या कुणी त्या सिंहासनापुढे मान वाकवली नाही. हा माझा मुलगा. दहा वर्षं त्यांच्या देशात राहिला, त्यांची नोकरी केली, पण राहिला आपलाच. हे सांग त्यांना. शाबास आहे तुझी."

सव्वाशे माणसं भाषांतराची वाट बघत होती. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. अण्णांना जर्मन येत नव्हतं आणि जर्मनांना मराठी. पहिल्या रांगेत क्रूगर ओल्या डोळ्यांनी आपल्या इंग्रजाकडे बघत होते, खांद्यावर अण्णांचा हात होता. दोन्ही म्हाताऱ्यांना त्याचा अभिमान होता, एकाला तो इंग्रज होता म्हणून आणि दुसऱ्याला तो झाला नव्हता म्हणून. आणि श्रीपादने तर फक्त रांग टाळली होती. त्याला इतकी लाज वाटली की पायाखालची फरशी गरम लागायला लागली. ज्या 'शाबास'साठी हे सगळं लपवलं, ते आता मिळालं होतं आणि घेता येत नव्हतं.

"अण्णा," तो मराठीत म्हणाला. माइक चालूच होता. "मी घेतलंय. ब्रिटिश नागरिकत्व. मघाशी टाळ्या त्यासाठीच होत्या."

स्पीकरवरून ते वाक्य बाजारपेठभर गेलं. लोकांना वाटलं, भाषांतरापूर्वी बापलेक काही ठरवून घेताहेत. गर्दीच्या कडेला सुरेखा तोंडावर हात ठेवून उभी होती.

अण्णांनी हात काढला नाही. "कधी?"

"नव्व्याण्णव साली."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाही. व्हिसाच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला होता."

अण्णांनी हे ऐकून घेतलं. ओरडतील, निदान खांद्यावरचा हात तरी काढतील, या अपेक्षेने श्रीपाद डोळे बारीक करून उभा होता. तसं काहीच झालं नाही. अण्णांचा चेहरा पडला, हे मात्र त्याने पाहिलं. ऐंशी वर्षांचा माणूस एकदम ऐंशी वर्षांचा दिसायला लागला. मग त्यांनी घसा साफ केला.

"म्हणजे हे युद्ध करणारं सरकार तुझं."

"हो."

"तिथे निवडणुका झाल्या असतील. तुला मत होतं?"

"होतं. आधीपासूनच होतं. आपल्यासारख्यांना तिथे राहिलं की देतात."

"दिलंस?"

"एकदा शिफ्ट होती," श्रीपाद म्हणाला. "आणि दुसऱ्या वेळी इकडे यायची गडबड होती."

"तुमच्या खासदाराला पत्र?"

श्रीपादने नकारार्थी मान हलवली.

"आम्हाला मत नव्हतं रे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "विचारायचा हक्कच नव्हता, म्हणून तारा तोडल्या. तू त्यांची शपथ घेतलीस, त्यांचा झालास, ठीक आहे, झालास. मग एकदा झाल्यावर तू काय केलंस?"

क्रूगर पुढे झुकले आणि हळूच म्हणाले, "वास झाक्ट एर?" काय म्हणताहेत ते?

श्रीपादच्या ओठांवर तयार वाक्य होतं. माझे वडील तुमचे मनापासून आभार मानतात. ते म्हटलं असतं की लोक टाळ्या वाजवून घरी गेले असते. त्याने माइक जवळ ओढला.

"ते विचारताहेत," तो जर्मनमध्ये म्हणाला, "की तू काय केलंस."

एकही टाळी वाजली नाही. समोर साठीच्या आसपासची कितीतरी माणसं होती. हिटलरच्या काळाबद्दल हाच प्रश्न त्यांनी तरुणपणी आपापल्या बापांना जेवणाच्या टेबलावर विचारला होता, आणि कित्येक घरांत त्यानंतर वर्षानुवर्षं कुणी कुणाशी बोललं नव्हतं. हेर क्रूगरांनी मान खाली घातली. लोक अचानक इतके गप्प का झाले, हे अण्णांना कळलं नाही, आणि त्यांनी ते विचारलंही नाही. श्रीपादच्या खांद्यावर हात तसाच ठेवून ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. त्यांना घाई नव्हती.